पूर्वसूचना आणि जबाबदारी

पुढें येणारें संकट आधीं कळलें तर बरें, असें कोणास वाटत नाहीं? सहदेव-भाडळीच्या मेघलक्षणांपासून हवामानखात्याच्या अंदाजापर्यंत मनुष्याची मोठी धडपड या एकाच इच्छेपोटीं चालली आहे. दिंडोरी तालुक्यांतील कोणाहि द्राक्षबागाईतदारास विचारावें. आभाळ भरून आलें आणि हवेंत ओल राहिली कीं केवडा येणार हें ओळखून तो पानावर डाग दिसण्यापूर्वींच फवारणी करतो. डाग दिसल्यावर धांवणारा बहुधा उशिरा पोंचतो. परंतु आधीं कळल्यानें आपलें कर्तव्य सोपें होतें कीं अवघड, हा प्रश्न आम्हांस प्रथम नीट सुचला तो एका शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर बसलों असतां.

आमची पुतणी बाळंतपणासाठीं माहेरीं, म्हणजे दिंडोरीस आली होती. ऐन वेळीं पोट चिरून मूल काढण्याचें ठरलें. नाशिकहून भूलतज्ज्ञ बाई आल्या, दार लागलें, आणि आम्ही बाहेरच्या बांकावर बसलों. मूल सुखरूप जन्मलें. दोन दिवसांनीं पुतणी सहज म्हणाली, "काका, त्या डॉक्टरीणबाई सारख्या विचारत होत्या, 'ताई, कसं वाटतंय? मळमळतंय का?' मला वाटलं, धीर द्यायला बोलताहेत. पण मी 'हो, मळमळतंय' म्हटलं मात्र, त्यांनी लगेच नळीतून औषध दिलं."

त्या बाईंची पुन्हां गांठ पडली तेव्हां आम्हीं याचा अर्थ विचारला. त्यांनीं सांगितलें तें असें. पाठींत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून धरणारे मज्जातंतूहि कांहीं काळ निजतात. वाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे सांचतें आणि रक्तदाब उतरतो. भरलेल्या गर्भाशयाचा भार पोटांतील मोठ्या शिरेवर पडतो, तो हलका व्हावा म्हणून बाईला किंचित् डाव्या अंगावर कलतें ठेवतात. आईचा दाब फार उतरला तर मुलाकडे जाणारें रक्तहि कमी पडतें. दंडावरचा पट्टा कांहीं मिनिटांनीं एकदां दाब मोजतो. पण दोन मोजण्यांच्या मधल्या वेळांत जी मळमळ सुटते, ती पुष्कळदां पट्ट्याच्या आधीं बातमी देते. म्हणजे तो प्रश्न धीराचा तर होताच; शिवाय तो मोजमापाचाहि होता. रोगी स्वतःच तेथें यंत्राचें काम करीत होता.

परंतु पूर्ण भूल दिलेला रोगी कांहीं बोलत नाहीं. त्याच्या वतीनें कोणीं बोलावें, आणि त्यानें कशाकडे पाहावें, हा वाद जुना आहे. आणि त्याचें एक प्रसिद्ध प्रकरण आपल्या शेजारीं, हैदराबादेस घडलें. मराठवाडा ज्यांच्या राज्यांत होता त्या निजामांच्या आश्रयानें डॉ. एडवर्ड लॉरी यांनीं १८८८ व १८८९ सालीं क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठीं दोन मंडळें नेमविलीं. दुसऱ्या मंडळासाठीं लंडनहून लॉडर ब्रंटन आले. जनावरांवर शेंकडों प्रयोग झाले, त्यांचा रक्तदाबहि नोंदला गेला, आणि निष्कर्ष निघाला कीं धोका श्वासाचा आहे. भूल देणाऱ्यानें श्वासाकडे पाहावें, नाडीकडे नव्हे. पुढें १९११ सालीं गुडमन लेव्ही यांनीं दाखविलें कीं थोड्याशा क्लोरोफॉर्मनेंहि हृदयाची लय एकाएकीं बिघडून मृत्यु येऊं शकतो. हैदराबादचे पहारेकरी आळशी नव्हते. त्यांनीं डोळे उघडे ठेवले होते, पण एकाच दारावर.

अमेरिकेंत हार्वे कुशिंग या विद्यार्थ्याच्या हातून ईथर देतांना एक रोगी दगावला. त्या धक्क्यांतून त्यानें व त्याचा सोबती कॉडमन यानें शस्त्रक्रियेच्या वेळीं नाडी व श्वास यांची नोंद ठेवण्याची चाल पाडली. १९०१ सालीं इटलींतील पाव्हिया येथें रिव्हा-रोची यांचा दाब मोजण्याचा पट्टा पाहून त्यानें तो अमेरिकेंत नेला. तेव्हां बोस्टनच्या एका वैद्यकीय समितीनें, नेहमींच्या शस्त्रक्रियांत अशा मापनाची गरज नाहीं, असा अभिप्राय दिला. आज त्या पट्ट्यावांचून कोणी भूल देणार नाहीं. नव्या साधनास हंसण्यापूर्वीं ही गोष्ट आठवावी.

आतां त्यापुढचें साधन आलें आहे. मनगटाच्या रोहिणींत बारीक नळी घालून दाबाची लाट पडद्यावर क्षणोक्षणीं उमटवितां येते. २०१८ सालीं हातिब व त्यांचे सहकारी यांनीं असें सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलें कीं तें त्या लाटेच्या आकारांतील सूक्ष्म बदल वाचून, सरासरी दाब पाऱ्याच्या ६५ मिलिमीटरखालीं जाण्याचा संभव कांहीं मिनिटें आधींच शून्य ते शंभर अशा अंकानें सांगतें. अंक ८५ च्या वर गेला कीं इशारा होतो. २०२० सालीं अॅमस्टरडॅम येथें ६० रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला: नेहमींच्या पद्धतींत रांगेंतील मधल्या रुग्णाचा दाब सुमारें ३३ मिनिटें खालीं राहिला होता, इशाऱ्यावर चाललेल्या गटांत अवघीं ८ मिनिटें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें २१४ रुग्णांवर परीक्षा झाली, तींत मात्र फरक आढळला नाहीं. तेथें जवळजवळ निम्म्या इशाऱ्यांनंतर कोणताहि उपचार झाला नव्हता.

ज्या भाकितावर कृति होते त्याची परीक्षाच होत नाहीं, ही येथील पहिली अडचण. इशारा झाला, औषध दिलें, दाब उतरला नाहीं. आतां तो उतरणार होता आणि वांचला, कीं मुळींच उतरणार नव्हता? त्या एका रोग्याविषयीं हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. बागाईतदाराचेंहि असेंच होतें; फवारलेल्या बागेंत केवडा आला नाहीं, यावरून तो येणार होता असें सिद्ध होत नाहीं. म्हणून एका प्रसंगाचा दाखला येथें निरुपयोगी. अनेक रोग्यांची, चिठ्ठ्या टाकून केलेल्या दोन गटांची तुलनाच खरें बोलते. तींतहि सावधपणा हवा. २०२२ सालीं डेन्मार्कमधील दोघां संशोधकांनीं दाखवून दिलें कीं हें सॉफ्टवेअर पारखतांना ६५ व ७५ यांच्या मधले, म्हणजे नेमके संदिग्ध प्रसंग वगळले गेले होते. त्यामुळें त्याचें ज्ञान आहे त्याहून मोठें भासतें. ज्या विद्यार्थ्यास अवघड प्रश्न विचारलेच नाहींत, त्याचे गुण आम्ही शिक्षक तरी कसे मोजणार?

दुसरी अडचण अधिक खोल आहे. अंक सांभाळणें आणि माणूस सांभाळणें हें एकच का? २०१७ सालच्या फ्रान्समधील एका परीक्षेंत, धोका अधिक असलेल्या रोग्यांचा दाब ज्याच्या त्याच्या नेहमींच्या दाबाजवळ राखला तेव्हां अवयव निकामी होण्याचे प्रसंग कमी झाले. उलट २०२२ सालीं सुमारें साडेसात हजार रुग्णांच्या परीक्षेंत, सर्वांचा दाब एका ठरीव पातळीवर चढता राखल्यानें हृदय व मेंदू यांवरील संकटें कमी झालीं नाहींत. दाब रक्तस्राव होऊन उतरतो, वाहिन्या सैल पडून उतरतो, हृदय थकूनहि उतरतो. पहिल्यास रक्त वा द्रव हवा, दुसऱ्यास वाहिन्या आवळणारें औषध, तिसऱ्यास हृदयास बळ देणारें. रक्तस्रावाच्या रोग्यास वाहिन्या आवळणारें औषध देत राहिलें तर पडद्यावर अंक शोभिवंत दिसेल आणि खालीं रक्त वाहतच राहील. लाटेच्या आकारावरून यंत्र कांहीं खुणा दाखवूं शकेल. पण शस्त्रवैद्याच्या हाताखालीं काय चाललें आहे, हें पाहण्यास मान वर करावीच लागते.

येथें जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. पूर्वीं दाब उतरल्यावर डॉक्टरचें कर्तव्य सुरू होई. आतां तें इशाऱ्यापाशीं सुरू होतें. उद्यां कांहीं वाईट झालें तर विचारतील, 'यंत्रानें सांगितलें होतें, तुम्ही गप्प कां बसलां?' या भयानें डॉक्टर प्रत्येक इशाऱ्यास औषध देऊं लागला, तर तो रोग्याचें नव्हे, स्वतःचें रक्षण करीत असेल, आणि त्याची किंमत निजलेला माणूस मोजील. अति फवारलेलें द्राक्ष निरोगी दिसतें. विष मात्र आंत असतें. उलट, इशारे नेहमींचेच म्हणून कान बंद करणें हाहि अपराधच. आमच्या मतें कर्तव्य आज्ञापालनाचें नाहीं आणि उपेक्षेचेंहि नाहीं. तें कारण विचारण्याचें आहे. औषध दिलें तर कां दिलें, न दिलें तर कां न दिलें, हें ज्यास सांगतां येतें त्यास दोष देऊं नये, मग परिणाम कांहींहि होवो. रोग्याच्या नातेवाइकांनीं आणि न्यायासनानेंहि हीच कसोटी धरावी.

आपल्याकडे गोष्ट सांगतात कीं सहदेवास सर्व भविष्य कळे, पण विचारल्यावांचून तो सांगत नसे. नवें यंत्र न विचारतांच सांगतें, हा त्याचा गुण खरा. पण सहदेवाच्या कथेंतला दुसरा अर्धा भाग विचारणाऱ्याचा आहे, आणि तें काम यंत्रानें पत्करलेलें नाहीं.

असें यंत्र लहान गांवींहि यावें. महाराष्ट्राचें आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकजवळ, दिंडोरीच्याच वाटेवर म्हसरूळला आहे, तेव्हां पूर्वसूचना शहरापुरतीच राहावी यास कारण नाहीं. मात्र तें आल्यावर रोग्याच्या उशाशीं बसलेल्या माणसानें पडद्याकडे तोंड करून त्याच्याशीं बोलणें सोडूं नये. आमच्या पुतणीस तिची पूर्वसूचना देतां आली, कारण कोणीतरी ती मागितली होती.