तेरचा कुंभार आणि हजेरीपट

गोरोबा काकांच्या कथेचा पहिला भाग धाराशिव जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. भजनात हरपलेला कुंभार माती तुडवत राहतो आणि रांगत आलेले स्वतःचे मूल त्याच्या पायाखाली येते. पुढची हकिकत मात्र घाईघाईने उरकली जाते. चिडलेल्या पत्नीने, संतीने, विठ्ठलाची आण घातली, ‘माझ्या अंगाला हात लावायचा नाही.’ गोरोबांनी ती पाळली. सासऱ्याने धाकटी लेक रामी त्यांना दिली आणि दोघींना सारखेच वागवा असे बजावले. गोरोबांनी तेही शब्दशः पाळले. एका रात्री झोपेत हाताचा स्पर्श झाला, आण मोडली, आणि त्यांनी आपले हात तोडून घेतले.

कुंभाराचे हात गेले म्हणजे चाक थांबले आणि चूलही थांबली. महिपतींच्या ‘भक्तविजया’त पुढे जे घडते, त्याचा क्रम लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. देव आधी हात परत देत नाही. विठ्ठल-रुक्मिणी कुंभाराच्या वेषात तेरला येतात, गोरोबांच्या घरी राहतात, माती कालवतात, मडकी घडवतात आणि घर चालवतात. हात फुटतात ते फार नंतर, पंढरपुरात, नामदेवांच्या कीर्तनात. म्हणजे शरीर बरे होण्याची अट न घालता आधी माणसाचे काम आणि त्याची भाकरी सांभाळली जाते.

धाराशिव शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, तेरणेच्या काठच्या तेर गावी, काकांची समाधी आहे. परंपरा त्यांचा समाधिकाळ शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ मानते. चैत्र वद्यात तिथे यात्रा भरते. त्या गर्दीत हात-पाय निकामी झालेली, दीर्घ आजाराने खंगलेली माणसेही असतात. त्यांतल्या किती जणांचे काम आजारपणाने सुटले, हे कोणी मोजत नाही. पण त्यांच्यासमोरचा प्रश्न जुना आहे. शरीर बिघडले की माणसाची जागा कोणाच्या हवाली करायची? नशिबाच्या, की शेजाऱ्याच्या?

आपल्या धर्मग्रंथांत या प्रश्नाचे एक कठोर उत्तर आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाने कोणता रोग जडतो याची यादीच आहे. सोने चोरणाऱ्याची नखे किडतात, मद्यप्याचे दात काळे पडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो, गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याची त्वचा बिघडते. कर्मविपाकाची ही विचारसरणी पुस्तकातच राहिली असती तर तिचा विचार इतिहासकारांनी केला असता. ती गावात उतरली. कुष्ठरोग्याला वेशीबाहेर काढताना, क्षयाच्या रोग्याचे भांडे वेगळे ठेवताना, ‘काहीतरी केले असेल’ हे वाक्य तयारच असायचे. असे म्हणणारा मनाने दुष्ट असेलच असे नाही. त्याला जगात न्याय आहे असे वाटून घ्यायचे असते, आणि आजारी माणूस दोषी ठरला की ते सोपे जाते.

असा विचार फक्त आपल्याकडेच झाला असेही नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणूस पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. त्याआधीच्या ईयोबाच्या कथेत तर अंगभर फोडांनी पोळलेल्या माणसाजवळ बसून त्याचे मित्र त्याचीच चूक शोधत राहतात, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो.

मग कर्मसिद्धान्त टाकूनच द्यायचा का? तसे करण्याची गरज नाही. तो कोणी कोणाबद्दल बोलायचा, एवढे ठरवायला हवे. वेदान्तात कर्माचे तीन भाग सांगतात, संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. अंथरुणाला खिळलेली म्हातारी ‘माझं प्रारब्ध’ म्हणते तेव्हा ते तिचे बळ असते. त्या विचाराने ती रात्र काढते, कोणाला दोष देत नाही. तिला तो विचार सोड असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण हेच वाक्य हजेरीपट हातात असलेला माणूस तिच्याबद्दल उच्चारतो, तेव्हा त्याचा अर्थ पार बदलतो. तिच्यासाठी जे प्रारब्ध, ते त्याच्यासाठी क्रियमाण आहे. नाव खोडायचे की ठेवायचे, हे त्याचे या घडीचे कर्म आहे आणि त्याचा जमाखर्च त्याच्याच खात्यावर मांडला जातो. दुसऱ्याच्या भोगाचा हवाला देऊन स्वतःच्या कृतीतून सुटका करून घेण्याची सोय कर्मसिद्धान्तात मुळातच नाही.

गोरोबांची कथा इथे अवघड उदाहरण घेते. त्यांचे हात रोगाने गेले नव्हते, अपघाताने नव्हते. ते त्यांनी स्वतःच तोडले होते. ‘केले तसे भोगले’ म्हणायला इतकी उघड जागा दुसरी कुठली मिळणार? तरीही विठ्ठल चौकशी करत बसत नाही. वारकऱ्यांनी शतकानुशतके ही कथा सांगितली, ऐकली, तिच्यावर कीर्तने केली. त्यांनी जपलेला हा धर्मविचार मनुस्मृतीतल्या यादीपेक्षा मोठा आहे, असे ठामपणे म्हणायला हरकत नाही.

हाच प्रश्न घेऊन आता मुंबईच्या उच्च न्यायालयात येऊ. एका सार्वजनिक उपक्रमात नैमित्तिक मजूर म्हणून राबणाऱ्या माणसाची वैद्यकीय तपासणी झाली, एचआयव्ही असल्याचे निघाले आणि त्याचे काम बंद झाले. अंगात ताकद होती, काम जमत होते, तरी. ओळख उघड झाली तर उरलेसुरले आयुष्यही उद्ध्वस्त होईल, म्हणून न्यायालयाने त्याला नाव झाकून लढू दिले. निकालात तो ‘एमएक्स’ आहे आणि उपक्रम ‘झेडवाय’. एप्रिल १९९७ मध्ये न्यायालयाने सांगितले की, जो माणूस काम करण्यास सक्षम आहे आणि ज्याच्यापासून कामाच्या ठिकाणी इतरांना धोका नाही, त्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारणे हा राज्यघटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांचा भंग आहे. त्याला पुन्हा कामाच्या यादीत घेण्याचा आणि बुडालेल्या मजुरीपोटी ४० हजार रुपये देण्याचा आदेश झाला.

तो काळ आठवला तर या निकालाचे धैर्य कळते. एचआयव्ही म्हणजे चारित्र्याचा डाग, असे तेव्हा सुशिक्षित घरांतही बोलले जात होते. परवडणारे औषध नव्हते. त्या वातावरणात निकाल ‘रोग कसा जडला’ या प्रश्नावर उभा राहिला नाही. तो ‘काम करता येते का’ या प्रश्नावर उभा राहिला. संसदेने २०१७ साली एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी देण्यापूर्वी एचआयव्ही चाचणीची सक्ती त्याने बंद केली आणि खासगी मालकांनाही या भेदभावाबद्दल जबाबदार धरले.

पण ‘एमएक्स’ काम करू शकत होता. ज्याला ते काम आता जमतच नाही, त्याचे काय? मालकाचीही बाजू असते. फिट येणाऱ्या माणसाच्या हाती भरलेली बस देता येत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या ४७ व्या कलमाने याचे सरळ उत्तर दिले. सेवेत असताना अपंगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढायचे नाही आणि त्याचा दर्जाही घटवायचा नाही. जमेल असे दुसरे काम द्यायचे, पगार तोच ठेवायचा. तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी जादा पद निर्माण करायचे. कर्तव्यावर असताना जखमी होऊन पाय गमावलेल्या कुणाल सिंह या जवानाला सेवेतून मोकळे केले गेले, तेव्हा २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेऊन त्याच्या बाजूने निकाल दिला. हीच तरतूद २०१६ च्या कायद्यात विसाव्या कलमात आली.

मात्र ती सरकारी आस्थापनांपुरती आहे. कारखान्यातल्या कामगाराचा वाली असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तर दीर्घ आजारपणामुळे सेवा संपवणे हे ‘कामगार कपात’ या व्याख्येतूनच वगळले होते. त्यामुळे कपातीची भरपाई त्या कामगाराच्या वाट्याला येत नसे. धडधाकट माणसाला कमी केले तर मोबदला, आणि आजारी पडलेल्याला घरी बसवले तर काही नाही. हा हिशेब कोणत्या नीतीत बसतो?

आणि ज्यांचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, ते तर या चर्चेच्याही बाहेर राहतात. भूम, वाशी, कळंब या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्यांतला एक जरी आडवा झाला तरी खाडा. तो उचलीतून कापला जातो. अंग मोडले म्हणून फड सोडला तर उचल अंगावर राहते आणि पुढच्या हंगामावर चढते. इथे कोणी कोणाला नोकरीवरून काढत नाही, कारण नोकरी म्हणून काही मान्यच केलेले नाही. आजार हेच कर्ज होते.

याचा शेवट कुठे जातो ते शेजारच्या बीडमध्ये दिसले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली तपास केला, तेव्हा सर्वेक्षणातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांच्या भाषेत ‘पिशवी काढलेली’. पाळीच्या दुखण्याने खाडा पडू नये, हे त्यामागच्या कारणांतले एक होते. कर्करोगाची भीती घालणारे डॉक्टर हे दुसरे. जिथे आजारी शरीराला कामात जागा नाही, तिथे माणूस शरीरच कामाच्या मापाने कापून घेतो. त्यातल्या कित्येक बायका याला ‘नशीब’ म्हणतील. ते त्यांनी म्हणावे. कारखान्याच्या अध्यक्षाने, मुकादमाने, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने ते म्हणायचे नाही.

करायचे काय, हेही फार गूढ नाही. मुकादम आणि कारखाना यांच्या करारात आजारपणाच्या दिवसांचे कलम असावे. त्या दिवसांचा खाडा उचलीतून कापला जाऊ नये. तो भार टनामागच्या खर्चात धरून कारखान्यांनी उचलावा. राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापले आहे. त्याच्याकडे मजुरांची नोंद, ओळखपत्र आणि फडावरची वैद्यकीय तपासणी ही कामे आली, तर निदान आजारी पडलेल्या बाईचे नाव कुठेतरी लिहिलेले असेल. कोयता चालेनासा झाला तर तिला मोळ्या मोजण्याचे, नोंदी ठेवण्याचे, पाळण्यातली पोरे सांभाळण्याचे काम देता येते. प्रत्येक टोळीला त्या कामांची गरज असते, आणि आज ती कामे विनामोबदला होतात.