काचेच्या पेटीपाशी नामस्मरण

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



"बाळ काचेच्या पेटीत आहे, सर्वांनी नामस्मरण करावे." असा निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर येतो आणि क्षणात जोडलेल्या हातांची रांग लागते. आमच्या लेकीसाठीही लाटंबार्सेतून असाच निरोप गेला होता. दिवस भरायच्या आत जन्मली, तिला धड श्वास घेता येईना, म्हणून डिचोलीहून थेट बांबोळीला गोमेकॉत नेली. आज ती अंगणभर धावते. लोक म्हणतात, "तुमची भक्ती फळाला आली." या वाक्यावरच आज थोडं बोलायचं आहे.

९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी ७ वाचली, १० गेली. त्या आयांची भक्ती कमी पडली, असं म्हणायला आपली जीभ धजेल का? नाही ना? मग आमची लेक आमच्या माळांच्या हिशेबावर वाचली, असंही आम्हाला म्हणवत नाही. सद्गुरूंची कृपा ही काही भरलेल्या पैशांची पावती नव्हे.

तर मग नाम कशाला घ्यायचं?

महाभारतात उत्तरेचं बाळ अश्वत्थाम्याच्या अस्त्राने निपचित जन्माला आलं. श्रीकृष्ण बाळंतिणीच्या खोलीत शिरले, तेव्हा तिथे पाण्याने भरलेले घडे होते, तूप, मोहरी, पेटता अग्नी होता, जाणत्या वृद्ध स्त्रिया होत्या आणि कुशल वैद्यही होते. प्रत्यक्ष भगवंत पाठीशी असताना कोणी वैद्यांना घरी धाडलं नव्हतं. आणि भगवंतांनी तरी काय केलं? आपण कधी खोटं बोललो नाही, रणातून पाठ फिरवली नाही, हे आचरण त्या बाळासाठी पणाला लावलं. तोच पुढे राजा परीक्षित झाला.

नाम आचरणात उतरतं ते असं. लवकर जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं उघडी ठेवणारा पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून श्वासाला यंत्राचा आधार लागतो. ते काम डॉक्टरांचं. आमच्याकडे होतं ते एवढंच: दर खेपेला हात कोपरापर्यंत धुणं, दर दोन-तीन तासांनी दूध काढून देणं, आणि सिस्टर म्हणतील तेव्हा लेकीला उघड्या छातीशी धरून बसणं. बाळाला असं कातडीला कातडी लावून धरायची पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं की कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळासाठी हे जन्मानंतर लगेच सुरू करावं. आईला उठवत नसेल तर बापानेही धरावं. मॉनिटरची शिटी वाजली की छातीत धस्स व्हायचं. तेव्हा ओठांवर नाम असायचं आणि हात थरथरायचे थांबायचे. आम्हाला प्रसाद मिळाला तो हा.

सहाव्या दिवशी आजीने सटवीची पूजा घरीच मांडली. अंगारा, काळा दोरा पेटीपर्यंत पाठवला नाही. "देवाला वाट ठाऊक आहे," एवढंच म्हणाली. आणि बाळंतिणीला कोणी ग्रहणाचं, दृष्टीचं, पायगुणाचं विचारलं नाही. ओल्या बाळंतिणीला दोष न देणं हीसुद्धा गुरुसेवाच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी असा निरोप आला, मग तो नानोड्याचा असो वा वडावलचा, तर नाम जरूर घ्या. त्यापाठोपाठ विचारा: बांबोळीला डबा कोण नेणार? घरच्या थोरल्या पोराला कोण सांभाळणार? रक्त द्यायला कोण येणार? आणि बाळ नाही राहिलं, तर ग्रुपवर गप्प बसू नका. त्या घरी जा, आईजवळ बसा, बाळाचं नाव ठेवलं असेल तर त्या नावाने बोला. तिथे आपल्याला पाठवणारे सद्गुरूच असतात.

॥ जय गुरुदेव ॥