कुलूप कोणाला ओळखतं?

इंग्रजीतला 'सेफ' हा शब्द नामही आहे आणि विशेषणही. मराठीत आपण त्याला 'तिजोरी' म्हणतो आणि भाषांतर तिथेच अडतं. तिजोरी आतल्या वस्तूला माणसांपासून जपते. पिस्तुलाच्या तिजोरीने माणसांना आतल्या वस्तूपासून जपायचं असतं.

माझी मावसबहीण टेक्ससमध्ये राहते. नवरा रात्रपाळीला, मुलगा पंधरा वर्षांचा, घरात पिस्तूल. उशाशी ठेवायला चटकन उघडणारी पेटी घ्यायची आहे. बोटाच्या ठशाची घ्यावी की आकड्यांच्या बटणांची? "ताई, तू लांबून बघतेस, म्हणून तुला विचारते," ती म्हणाली.

पेटीकडून तिच्या दोन अपेक्षा आहेत. चोर आला तर क्षणात उघडावी, मुलाचा हात लागला तर मुळीच उघडू नये. हाच पेच २००८ साली 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता. राजधानीच्या कायद्याप्रमाणे घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवावी लागे. अशी बंदूक स्वसंरक्षणाच्या कामाची नाही, म्हणून पाच विरुद्ध चार मतांनी ती अट घटनाबाह्य ठरली.

चटकन उघडणारी पेटी यावर तोडगा सुचवते : उशीर फक्त परक्याला. पण परका कोण, हे कुलपाला कसं कळावं? २०२३ साली अमेरिकेत ठशांच्या सुमारे ६१,००० पेट्या परत मागवल्या गेल्या. मालकाला वाटे आपला ठसा नोंदवला गेला आहे. प्रत्यक्षात पेटी कोणाच्याही बोटाने उघडू शकत होती.

हा दोष दुरुस्त होईल. दुसरा होणार नाही. कुलूप बोट ओळखतं, मन ओळखत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. अशा रात्री पेटीवर टेकलेलं बोट अनेकदा मालकाचंच असतं. कुलूप त्याला ओळखतं आणि उघडतं.

विराटपर्वात पांडव शस्त्रं शमीवर ठेवतात आणि कोणी फिरकू नये म्हणून तिथे प्रेत बांधतात. गरज पडते तेव्हा उत्तराला झाडावर चढावं लागतं. शस्त्र हाती घेण्यापूर्वी आपण कोण, हे अर्जुनाला सांगावं लागतं. ओडिसियस तर स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो आणि बजावतो, मी सोडा म्हटलं तर दोर आणखी आवळा. त्याला आजच्या स्वतःवर भरवसा आहे, म्हणूनच उद्याच्या स्वतःवर नाही.

चोराच्या रात्री हाच उशीर जिवावर बेतू शकतो, हे मला मान्य आहे. एकट्या बाईची भीती खोटी नसते. पण चोर येईल की नाही ठाऊक नाही. वाईट दिवस मात्र प्रत्येक घरात येतात. म्हणून मी तिला बटणांची पेटी घ्यायला सांगितलं, आकडे मुलाला कळू न देण्याच्या अटीवर. शिवाय, घरात कोणाचंही मन खचलेलं दिसलं तर पिस्तूल घराबाहेर ठेवायची सोय आत्ताच, सगळे हसतखेळत असताना, ठरवून ठेव म्हटलं.

"कोणाचंही म्हणजे माझंसुद्धा?" तिने विचारलं.

तुझंसुद्धा. शमीचं झाड परक्यांसाठी जेवढं उंच, तेवढंच आपल्यासाठीही असायला हवं.