मरता मरता वाचण्याची भीती

'रेसिडेंट ईव्हल ४' या २००५ सालच्या गेममध्ये सुरुवातीलाच नायक लिऑन स्पेनमधल्या एका खेड्यात शिरतो आणि अख्खं गाव त्याच्या अंगावर धावून येतं. दार लावलं तर ते फोडतात, वर चढलं तर शिड्या लावतात. त्यात डोक्याला गोणपाट गुंडाळलेला चेनसॉवाला असतोच, आणि त्याचा एक घाव लिऑनचं मुंडकं उडवायला पुरेसा असतो. गोळ्या मोजक्या. नेम धरला की लिऑनला पाऊलही हलवता येत नाही. वर्णन ऐकून हा निव्वळ छळ वाटेल, पण भयगेमच्या इतिहासातल्या उत्तम लढायांत या लढाईची गणना होते.

याचं एक कारण चर्चच्या घंटेत आहे. ठरावीक वेळ तग धरला किंवा पुरेसे गावकरी लोळवले की घंटा वाजते आणि उरलेले हत्यारं टाकून निघून जातात. सगळ्यांना मारायची अट नाहीच; जीव वाचवला की झालं. दुसरं कारण खेळणाऱ्याला दिसत नाही. वारंवार मरणाऱ्या खेळाडूसाठी हा गेम गुपचूप नरमतो. शत्रूंचा आक्रमकपणा कमी होतो, त्यांचे घावही हलके पडतात. दिग्दर्शक शिंजी मिकामी यांनी पुढच्या वर्षी आलेल्या 'गॉड हँड'मध्ये हाच हिशेब उघडपणे पडद्यावर मांडला. तिथे गंमत आली, पण तो भयगेम नव्हता. भयगेममध्ये ही लबाडी लपलेलीच बरी.

लपवायची कशासाठी? भीतीला पुनरावृत्ती सोसत नाही म्हणून. राक्षस कुठून झेप घेणार हे पहिल्या वेळी ठाऊक नसतं, दुसऱ्या वेळी असतं. पाचव्या वेळी तो केव्हा हात उगारतो तेही पाठ झालेलं असतं, आणि खेळाडू घाबरायचं सोडून हिशेब करू लागतो. 'डार्क सोल्स'मध्ये पुन्हा पुन्हा मरणं लोक हौसेने सोसतात, कारण तो गेम प्रभुत्वाचं आश्वासन देतो. भयगेमचं आश्वासन वेगळं. त्याला खेळाडू मरणाच्या दारात हवा असतो. दार ओलांडलं की भीती संपते आणि चिडचिड सुरू होते.

'द कॅलिस्टो प्रोटोकॉल' (२०२२) नेमका इथे घसरला. त्याचे दिग्दर्शक ग्लेन स्कोफील्ड 'डेड स्पेस'च्या कर्त्यांपैकी, त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. गुरूच्या कॅलिस्टो या चंद्रावरचा तुरुंग बघताना अंगावर काटा येतो. लढाई मात्र बव्हंशी दंडुक्याची: कंट्रोलरची स्टिक डावीकडे, मग उजवीकडे दाबून वार चुकवायचे आणि संधी मिळताच हाणायचं. समोर एकच राक्षस असेल तर ही जुगलबंदी रंगते. दोन-तीन आले की जवळ चिकटलेल्या कॅमेऱ्यामुळे पाठीमागचा दिसतच नाही. त्यात दोन डोक्यांचा बॉस पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याच्या तावडीत सापडलं की खेळ खलास. मरण्याचं दृश्य रक्ताळलेलं, लांबलचक, मेहनतीने घडवलेलं. पण तेच तेच बघताना कोण घाबरेल?

अवघडपणा हा इथे दोष नाही. का हरलो हे खेळाडूला कळलं, तर तो स्वतःवर चरफडतो आणि पुन्हा खेळायला बसतो. न कळलं, तर गेमवर चिडतो. 'डेड स्पेस' एरवी हे पक्कं जाणतो. डोक्यात गोळी घालून इथले राक्षस थांबत नाहीत, हातपाय तोडावे लागतात. तेव्हा घाई-गडबडीत मारलेल्या गोळीची शिक्षा खेळाडूला लगेच समजते.

त्याच गेमच्या चौथ्या प्रकरणात मात्र अभियंता आयझॅक तोफेवर बसून अंतराळयानावर आदळणारे लघुग्रह फोडतो. ना राक्षस, ना अंधार. यानाच्या कवचाची टक्केवारी उतरत शून्यावर आली की पुन्हा पहिल्यापासून. अनेकांनी कपाळाला हात लावला तो इथे. २०२३ साली मोटिव्ह स्टुडिओने गेम नव्याने बांधला तेव्हा तोफेवरची ही बैठक काढून टाकली आणि तोफांचा नेम जुळवायला आयझॅकला यानाबाहेर, उघड्या पोकळीत पाठवलं.