ऐकणारा काय देणं लागतो?

परदेशातल्या शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत एक गोष्ट बहुतेक वेळा घडते. गायकाने तासभर एक राग मांडलेला असतो. विलंबित झालं, द्रुत झालं, टाळ्या झाल्या. तंबोरे अजून चालू असतात, गायक पाण्याचा घोट घेतो, आणि तेवढ्यात मधल्या रांगांमधून आवाज येतो, "एक अभंग होऊ द्या!" लगेच दुसरीकडून एखाद्या नाट्यपदाचं नाव येतं. गायक हसतो, घड्याळाकडे बघतो. सभागृह ठरलेल्या वेळेत रिकामं करून द्यायचं असतं. बहुतेकदा अभंग होतो, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी त्यालाच मिळते.

यात वाईट काय आहे? पहिल्या नजरेत काहीच नाही. माणसं पैसे मोजून आलेली असतात, गायकालाही अभंग आवडतच असतो. तरीही या फर्माइशीमागे एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मला बरीच वर्षं सोडत नाही. आपण मैफलीला नक्की काय घ्यायला जातो? आणि घ्यायलाच जातो का?

मी नांदेडचा. सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी काही वर्षं लंडनमध्ये आहे आणि जमेल तितक्या मैफली ऐकतो. लातूरचा माझा एक कॉलेजातला मित्र आहे. मी मैफलीला निघालो की तो फोनवर एकच वाक्य ऐकवतो, "तू काय गाणं ऐकायला जायलास का? तू घरी जायलास. तिकीट तेवढं गाण्याचं काढायलास."

हा आरोप हसून सोडून देण्यासारखा नाही. त्याचा अर्थ असा, की परदेशातल्या श्रोत्याला संगीत नको असतं, गाव हवं असतं. गायक म्हणजे त्याच्यासाठी घरून डबा घेऊन आलेला माणूस. डब्यात काय आहे हे त्याला आधीच माहीत असतं, म्हणून तर तो अभंग मागतो. आणि डबा आणणाऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतं?

मित्राच्या म्हणण्याला मी पहिलं उत्तर त्याच्याच गावातून देतो. 'लातूर पॅटर्न'मधून दरवर्षी कितीतरी मुलं मेडिकलला जातात. त्यातली सगळीच काही रुग्णसेवेच्या ओढीने जात नाहीत. कुणाच्या वडिलांचा हट्ट असतो, कुणाला मार्क चांगले पडलेले असतात, कुणाच्या गल्लीतली सगळीच पोरं तिकडे गेलेली असतात. पुढे त्यांच्यातला एखादा उत्तम डॉक्टर झाला, तर 'हा काही सेवाभावाने आला नव्हता' म्हणून आपण त्याचं औषध नाकारतो का? माणूस दारापर्यंत कशामुळे आला, हा एक प्रश्न. आत आल्यावर तो काय करतो, हा दुसरा. आठवणीने व्याकूळ होऊन कुणी मैफलीला आला तर ते प्रेम खोटं ठरत नाही. पण एवढ्याने ते खरंही ठरत नाही. निकाल आतल्या दोन तासांत लागतो.

कारण मैफल ही रेकॉर्डिंगसारखी नसते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर रेकॉर्डिंग 'रीड-ओन्ली' असतं. मी यूट्यूबवर भीमसेन जोशींचा एखादा राग भांडी घासत ऐकला, मध्येच थांबवला, अर्ध्यात सोडला, तरी त्या रागाचं काही बिघडत नाही. मैफलीत मात्र ऐकणारा समोरच्या गोष्टीत बदल करत असतो. ख्यालात बंदिश दोन-चार ओळींचीच असते, बाकीचं गायकाला तिथल्या तिथे रचावं लागतं. एखादी जागा आणखी फुलवायची की पुढे जायचं, हे तो समोरच्या माणसांकडे बघूनच ठरवतो. सभागृह अस्वस्थ झालं की आलाप आखडतो. तयारीच्या तानेला टाळी आणि एका स्वरावरच्या मुक्कामाला खोकला मिळाला, की पुढच्या अर्ध्या तासात तानाच जास्त येतात. म्हणजे मी जे ऐकतो त्यातलं थोडंसं मीच घडवलेलं असतं, आणि तेच माझ्या शेजारच्यालाही ऐकावं लागतं.

म्हणून मैफलीत ऐकणं ही खासगी गोष्ट राहत नाही, ती नैतिक गोष्ट होते. किशोरी आमोणकर मैफलीत गडबड करणाऱ्यांना रागावत, याचे किस्से आपण 'स्वभाव कडक होता' म्हणून सांगतो. मला वाटतं, त्या स्वतःचा मान मागत नव्हत्या. रचना चालू असताना कुणी तरी हात मध्ये घालतंय, हे त्या दाखवून देत होत्या.

याची दुसरी बाजू १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दिसली. बांगलादेशच्या निर्वासितांसाठीचा तो कार्यक्रम. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा वाद्यं जुळवत होते. जुळवणं संपलं आणि हजारो माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी आभार मानले आणि जुळवणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल, अशा अर्थाचं बोलले. आपण हा किस्सा त्या गोऱ्या पोरांना हसण्यासाठी सांगतो. पण ती पोरं सतारीच्या पहिल्या आवाजापासून कान लावून बसली होती. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, तरी ती हजर होती. जुळवणं चालू असताना मोबाइल बघणारे आणि अभंगाच्या वेळी जागे होणारे आपण, त्यांच्यापेक्षा जास्त रसिक कशावरून?

इथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, 'पण हे संगीत आपलं आहे.' हा 'आपलं' जरा उलगडून बघू.

ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९–१९२६), तिच्यासाठी उत्तरेत वणवण करून. जयपूर-अत्रौलीची गायकी अल्लादिया खाँ राजस्थानातून घेऊन आले आणि शाहू महाराजांच्या कोल्हापुरात राहिले. किराणा घराण्याचं नाव उत्तर प्रदेशातल्या कैराना गावावरून पडलं. तिथले अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, आणि दोघेही कर्नाटकातले. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेनांनी १९५३मध्ये पुण्यात महोत्सव सुरू केला. म्हणजे जिला आपण मराठी अभिरुचीची खूण समजतो, ती गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात पाहुणी होती. ख्यालाच्या दृष्टीने मिरज-कोल्हापूर हाच परदेश होता. तिथल्या लोकांना तो जन्माने मिळाला नव्हता. त्यांनी अनोळखी भाषेतल्या बंदिशी रात्र-रात्र बसून ऐकल्या आणि मग तो त्यांचा झाला.

मराठवाड्याला तर हे आणखी नीट कळायला हवं. आमचा भाग १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. नांदेडहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. पनवेल एक्स्प्रेस धरून, लातूर-कुर्डुवाडी करत सवाईला जाणारा नांदेडचा माणूस पुण्याच्या मंडपात थोडा परकाच असतो. कुठे 'वा' म्हणायचं आणि कुठे नुसती मान हलवायची, हे तो शेजाऱ्याकडे बघून शिकतो. मी लंडनच्या सभागृहात पहिल्यांदा बसलो तेव्हा हा परकेपणा मला नवा नव्हता.

पण आमच्याकडे ऐकण्याच्या दुसऱ्याही दोन रीती आहेत, आणि त्यांचा मला इथे फार उपयोग होतो. एक नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातली. १७०८मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ज्या ग्रंथाला गुरुपद दिलं, त्याची रचनाच रागांनुसार आहे, एकतीस मुख्य रागांमध्ये. आपल्या नामदेवांची पदंही त्यात आहेत. तिथे कीर्तन चालू असताना टाळी पडत नाही, फर्माईश होत नाही. माणूस डोकं झाकून येतो, जागा मिळेल तिथे बसतो, ऐकतो आणि उठतो. दुसरी रीत लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या नाथ संस्थानाची, चक्रीभजनाची. तिथे भजन करणारे गोल फिरत गातात आणि ऐकणारा फार वेळ नुसता ऐकणारा राहूच शकत नाही. एका ठिकाणी श्रोता स्वतःला बाजूला ठेवतो, दुसऱ्या ठिकाणी स्वतःला पूर्ण घालतो. दोन्हीकडे एक माणूस सापडत नाही, तो म्हणजे गिऱ्हाईक.

परदेशातल्या मैफलीत गिऱ्हाईक होणं फार सोपं असतं. तिकीट महाग, खुर्ची मऊ, कार्यक्रम साडेसातला. आणि या साडेसातचीही एक गंमत आहे. नांदेडला वर्षभरात सूर्यास्ताची वेळ फार तर सव्वा-दीड तासाने पुढेमागे होते. लंडनला डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सव्वानऊनंतर. त्यामुळे साडेसातला कुणी मारवा सुरू केला, तर बाहेर एक तर केव्हाची रात्र झालेली असते, नाही तर लख्ख ऊन असतं. मायदेशीही हे सगळं शाबूत आहे असं नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधनं आली आणि एके काळी रात्रभर चालणाऱ्या सवाईची बहुतेक सत्रं दहाच्या आत संपू लागली. तरी पुण्यात निदान संध्याकाळ संध्याकाळी होते.

मग लंडनच्या जूनमधल्या मारव्यातली सांज येते कुठून? ऐकणाऱ्याकडून. आणि इथे मित्राच्या आरोपाला माझं दुसरं उत्तर आहे. गोदावरीच्या घाटावर दिवस बुडताना हवेत येणारा जडपणा, कुठून तरी येणारा चुलीचा धूर, घरी जायची वेळ झाली आणि जावंसं वाटत नाही अशी ती दहा मिनिटं, हे सगळं माझ्याजवळ आहे. मारव्यात गायक षड्ज टाळत राहतो, घरी पोचणं लांबवतो, तेव्हा ती दहा मिनिटं मला त्या स्वरांत ओतता येतात. तेव्हा गावाची आठवण ऐकण्याच्या आड येत नाही, ऐकण्याच्या कामी येते. हो, मी घरी जायलोच. पण जाताना घरून काही तरी घेऊनही येतो आणि ते तिथे ठेवतो.

फरक एवढाच आहे. तीच आठवण मागणी होऊ शकते आणि तीच भर होऊ शकते. 'माझं गाव मला परत द्या' म्हणून ती गायकापुढे ठेवली, तर तो डबेवाला होतो. 'तुम्ही जे कराल त्यात माझं हे धरा' म्हणून ठेवली, तर मैफल होते. शेजारी बसलेल्या डच बाईंकडे गोदावरी नसते, पण त्यांच्याकडे त्यांची एखादी संध्याकाळ असतेच. मारव्याला तेवढी चालते.

यावर एक आक्षेप मला रास्त वाटतो. आठवडाभर एखाद्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करून आलेल्या मराठी बाईला दोन तासांच्या शेवटी एक अभंग हवा असेल, तो ऐकताना तिला रडायचं असेल, तर तिला 'भर घाला' असं सांगणारा मी कोण? कुणीच नाही. तिच्या रडण्यावर माझं काही म्हणणं नाही. गायकाने आपणहून अभंग घेतला तर मीही ऐकतो, माझेही डोळे भरतात. म्हणणं आहे ते ओरडून मागण्यावर, कारण मागणारा तिथे एकटा नसतो. जो तरुण गायक चार महिने एखादा अनवट राग घासून आलेला असतो, तो अशा तीन मैफलींनंतर शहाणा होतो. चौथ्या वेळी तो यमन वीस मिनिटांत उरकतो आणि अभंगांची यादी घेऊन येतो. मग आपणच म्हणतो, हल्ली कुणी सविस्तर गात नाही.

२००६मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात भाई गुरमीतसिंग विरदी या तबल्याच्या गुरुजींच्या स्मरणार्थ 'दरबार' नावाचा महोत्सव सुरू झाला. पुढे तो लंडनच्या मोठ्या सभागृहांत गेला. शिकवणारा माणूस गेला आणि त्याच्यामागे ऐकण्याची एक जागा उभी राहिली. गंमत म्हणजे नांदेडलाही एक दरबार आहे, शंकरराव चव्हाणांच्या स्मृतीप्रीत्यर्थ फेब्रुवारीअखेर होणारा 'संगीत शंकर दरबार'. इथल्या नांदेड-लातूरकडच्या मुलांशी बोलताना मला जाणवतं, की त्यांना लेस्टरचा दरबार जास्त माहीत असतो. यात त्यांना दोष द्यावा असं काही नाही. दूर गेल्यावर कान उघडणं ही जुनीच रीत आहे. बाळकृष्णबुवांचेही दूर गेल्यावरच उघडले.

पण ते परत आले, आणि जे मिळालं ते इथल्या पोरांना देत बसले. ऐकणाऱ्याला गाणं शिकवता येत नाही, पण त्याचंही देणं फेडायच्या जागा आहेत. वाद्यं जुळायच्या आधी खुर्चीत बसणं. आलापात फोन खिशात ठेवणं. नाव न ऐकलेल्या कलाकाराचं तिकीट काढणं. आणि सुट्टीत गावी गेल्यावर, संध्याकाळी सहाला एखाद्या संगीत विद्यालयाच्या हॉलमध्ये अकरावीतली मुलगी पहिल्यांदा भूप गाणार असेल आणि चाळीसपैकी तीस खुर्च्या रिकाम्या असतील, तर त्यातली एक भरणं. तिथेही तिचा आलाप किती लांबेल, हे थोडंफार आपल्यावर अवलंबून असतं.