जोगत्याची जागा

समलिंगी, तृतीयपंथी माणसं आणि धर्म असा विषय निघाला की आपली चर्चा पाच मिनिटांत घारापुरीला पोचते. तिथला अर्धनारीश्वर, मग मोहिनी, शिखंडी, बृहन्नडा. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, की आपल्याकडे हे सगळं होतंच, नाकं मुरडायला इंग्रजांनी शिकवलं. यात तथ्य आहे. 377 कलम इंग्रजांचं, हिजड्यांची पोलिसांत नोंद करायला लावणारा 1871 चा कायदाही त्यांचाच. पण दगडातल्या देवाला कुणाला घरात ठेवून घ्यावं लागत नाही. परंपरेनं जित्याजागत्या माणसाला काय दिलं ते बघायचं असेल, तर बेळगाव जिल्ह्यातला सौंदत्तीचा डोंगर चढावा.

तिथं यल्लम्मा आहे, म्हणजेच रेणुका. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या जत्रेला कोल्हापूर-सांगलीकडून भक्तांच्या गाड्या भरभरून जातात. ‘उदो’च्या गजरात, भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात जोगते दिसतात. अंगावर लुगडं, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कुणाच्या डोक्यावर देवीचा जग. जोगता होतो तो असा: मुलगा मुलींतच रमतो, त्याच्या चालण्याबोलण्यात बायकी लकब आहे, त्यात तो सारखा आजारी पडतो किंवा केसांत जट होते. मग घरचे म्हणतात, देवीनं धरलंय याला. आणि त्याला देवीला सोडतात.

या मुलाला देवी आपली का वाटते, याचं उत्तर कथेत आहे. जमदग्नीनं रेणुकेचा वध करायला मुलांना सांगितलं. परशुरामानं ऐकलं, थोरल्या चौघांनी ऐकलं नाही. महाभारताच्या वनपर्वात त्या चौघांना शाप मिळतो तो जडबुद्धी होण्याचा, पशुपक्ष्यांसारखं होण्याचा. पुढे परशुरामाच्या वरानं आई जिवंत होते आणि भाऊही पूर्ववत होतात. यल्लम्माच्या भक्तांमध्ये सांगितल्या जाणाऱ्या कथेत मात्र भाऊ नपुंसक होतात. जोगते आपलं नातं त्यांच्याशी जोडतात. मला या बदलाचं फार अप्रूप वाटतं. ज्यांनी आईवर हात उचलायला नकार दिला, त्यांचं पुरुषपण बापानं काढून घेतलं. म्हणजे बापाच्या लेखी आईला मारता येणं हीच पुरुष असण्याची खूण! असा शाप लागलेल्यांनी आईच्या पायाशी जाऊन बसावं आणि तिनं त्यांना जवळ करावं, यात कुणा पंडिताच्या भाष्याची गरज नाही. इतकं नेमकं धर्मचिंतन शास्त्र्यांच्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल.

म्हणून जोगत्याची भक्ती म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा किंवा पोटासाठीचं सोंग, असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. लुगडं नेसावंसं वाटणाऱ्या पोराला ते कुणी हसल्याशिवाय नेसता येतं, अशी त्याच्या अख्ख्या मुलखात एकच जागा असेल आणि ती देवीच्या पुढ्यात असेल, तर त्याला तिथं जे मिळतं त्याला अध्यात्म नाही तर काय म्हणायचं?

पण ही जागा फुकट मिळत नाही. जोगवा मागायला तो दारात आला की बाया सूप घेऊन बाहेर येतात, त्याच्या हातचा भंडारा कपाळाला लावतात. त्यात आदर असतो आणि कोप होईल ही भीतीही. मात्र तो देवीचा आहे म्हणूनच हे चालतं. त्याला कुणी आवडलं, कुणाबरोबर संसार थाटावासा वाटला, तर गावाच्या शब्दकोशात त्याच्यासाठी एक धड शब्द नाही. वेगळं असायला परवानगी आहे, साधं असायला नाही.

वारीतही पुरुष बाई होतो. गौळण, विरहिणी गाताना बाप्ये बाईच्या तोंडून बोलतात, विठ्ठलाला माउली म्हणतात. पण कीर्तन आटोपलं की बुवा पुन्हा घरचे कर्ते पुरुष. जोगत्याला परतीची वाट नसते.

राजन गवस यांनी ‘भंडारभोग’मध्ये जोगत्याचं जगणं मराठीत आणलं. त्यांच्याच कादंबऱ्यांचा आधार घेतलेला ‘जोगवा’ 2009 साली आला आणि गाजला. चित्रपट प्रामाणिक आहे. पण त्याचा नायक लुगड्यात कोंडलेला पुरुष आहे, त्याची सुटका लुगडं फेकण्यात आहे. ज्याला लुगडंच हवं आहे, त्याची सुटका कशात? पुरोगामी महाराष्ट्राचं लक्ष या प्रश्नाकडे गेलंच नाही. देवदासी चळवळीनं मोठं काम केलं, त्याचं मोल कमी नाही. पण कर्नाटकाच्या 1982 च्या कायद्यात देवाला वाहिलेली व्यक्ती म्हणजे स्त्री. देवीला सोडलेला मुलगा त्या व्याख्येत बसत नव्हता. त्याचं नाव थेट 2019 च्या तृतीयपंथी हक्क कायद्यात आलं. किन्नर, हिजडा, अरावनी यांच्या पंक्तीला ‘जोगता’ हा शब्द तिथं आहे.

दरम्यान ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठींनी 2015 मध्ये किन्नर आखाडा काढला, 2016 च्या उज्जैनच्या सिंहस्थात मिरवणूक नेली आणि 2019 च्या कुंभात जुना आखाड्याशी हातमिळवणी केली. हिंमत मोठी, यात शंका नाही. तरी मला अडचण तीच दिसते: पुन्हा महामंडलेश्वर व्हा, आशीर्वाद द्या, मग मान घ्या. त्यापेक्षा मंजम्मा जोगती यांचा मार्ग मला जवळचा वाटतो. घरच्यांनी त्यांना देवीला सोडलं, घर तुटलं, मरण जवळ करून पाहिलं. मग त्या जोगती नृत्य शिकल्या, कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, 2021 मध्ये पद्मश्री घेताना त्यांनी राष्ट्रपतींची पदरानं दृष्ट काढली. देवी त्यांनी सोडली नाही, पण त्यांचा मान कलेचा आहे.

शहरातल्या शिकलेल्या समलिंगी मुलामुलींना जोगता आपला वाटत नाही. थोडी लाजही वाटते. धर्मानं दुखावलेल्यांनी धर्माकडे पाठ फिरवावी, हे मी समजू शकतो. पण आपल्या आधी, मोर्चे आणि न्यायालयं नसताना, ज्यांनी भर गावात लुगडं नेसून रस्ता ओलांडला त्यांच्याकडे पाठ फिरवू नये.

आणि आईबापांना एकच विनंती. पोरगं बायकी वागतं म्हणून त्याला डोंगरावर नेऊ नका, मांत्रिकाकडे नेऊ नका, डॉक्टरकडे ‘बरं करायला’ही नेऊ नका. त्याला घरात ठेवा, शाळेत ठेवा. परडी घ्यायची की नाही, ते मोठं झाल्यावर त्याचं त्याला ठरवू द्या.