चिमणीला विचारलं का?

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला एक सोसायटी आहे. पूर्वी तिथे कौलारू घरं होती आणि घरांच्या वळचणीला चिमण्या. घरं पडली, इमारत उभी राहिली. वळचण गेली, तशा चिमण्याही गेल्या.

मार्च आला. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळतात, असं बाईंनी वर्गात सांगितलं. सोसायटीतल्या मुलांनी ठरवलं, यंदा चिमण्यांची सेवा करायची.

दहा घरटी तयार झाली. लाल, निळी, पिवळी. मोठं गोल दार, पुढे बसायला दांडी, आत कापसाची गादी. एकावर तर ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं! येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावीत म्हणून ती फाटकासमोरच्या पश्चिमेच्या भिंतीवर टांगली. फोटो निघाले, टाळ्या झाल्या.

एप्रिल सरला. चिमणी काही फिरकली नाही. एका घरट्यात साळुंकी शिरली, दुसऱ्याच्या दांडीवर कावळा ठाण मांडून बसू लागला. अन् एके दिवशी वॉचमनकाकांनी मुलांना पार्किंगमध्ये बोलावलं. विजेच्या मीटरमागच्या फटीतून गवताच्या काड्या लोंबत होत्या. चिमणीने तिथे संसार मांडला होता!

मुलं हिरमुसली. “एवढं छान घर दिलं, तर ही इथे धुळीत?”

काका गावी सुतारकाम करायचे. ते हसून म्हणाले, “छान कोणाला रे? तुम्हाला का तिला? बांधायच्या आधी चिमणीला विचारलं का?”

“चिमणीला कसं विचारणार?”

“लांब बसा आणि बघा. तीच सांगंल.”

मुलं चार दिवस बघत राहिली. फट जेमतेम दोन बोटांची. चिमणी सुळकन आत जाई, साळुंकीला शिरता येत नसे. पुढे दांडी नाही, म्हणून कावळ्याला टेकायला जागा नाही. दुपारचं ऊन नाही. आणि दाणे टिपणारी चिमणी पिलांसाठी मात्र अळ्या आणि किडे आणत होती.

मग मुलांनी काकांच्या हाताखाली चार पेट्या नव्याने केल्या. दार सव्वा इंचाचं, दांडी नाही, रंग नाही, तळाला पाणी निथळायला भोकं. त्या उत्तरेच्या छज्ज्याखाली सावलीत, मांजराच्या उडीच्या वर बसवल्या. बागेत कीटकनाशक फवारू नका, अशी चेअरमनकाकांना विनंती केली. या वेळी फोटो काढायचं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

पहिला पाऊस पडून गेला आणि एक चिमणा चोचीत काडी धरून त्यातल्या एका पेटीत शिरला.

तात्पर्य : सेवा करताना आपली हौस बाजूला ठेवावी, ज्याची सेवा करायची, त्याची गरज आधी पाहावी.